अल्टरनेटरमधून पुन्हा पुन्हा गळणारं तेल: तीन सील बदलून झाल्यावर सापडलेलं कारण

डिझेल पिकअपच्या अल्टरनेटरखाली तेल, चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला, तेल अडवणारं रबरी सील बदललं की दोन-चार महिने सगळं ठीक आणि मग पुन्हा तेच. माझ्या गाडीला हे तीनदा झालं. नोव्हेंबरात पहिलं सील, फेब्रुवारीत दुसरं, जूनमध्ये तिसरं. ऑगस्टमध्ये चौथ्यांदा तेल दिसलं तेव्हा ठरवलं, आता सीलसाठी गाडी गॅरेजला न्यायची नाही. दोन दिवस अंगणात लावून मुळापासून तपासली. त्याला सहा महिने झाले. टोमॅटोचा हंगाम पार पडला, द्राक्षाची काढणी निम्म्यावर आली आणि अल्टरनेटर आतून-बाहेरून कोरडा आहे. गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या चार जणांनी हाच त्रास सांगितला, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझी शेती नाशिकजवळ गिरणाऱ्याला आहे आणि माल मी स्वतःच वाशीच्या बाजारात नेतो. भरल्या गाडीने रात्री कसारा घाट उतरायचा असतो. त्यामुळे हा प्रश्न मला नुसत्या तेलाच्या डागाचा कधीच वाटला नाही. अल्टरनेटरच्या पाठीला हवा खेचणारा व्हॅक्यूम पंप असतो; ज्या पंपातून हे तेल गळतं, त्याच पंपावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर चालतो. इगतपुरी सोडल्यावर पायाखालचा ब्रेक दगडासारखा झाला तर काय होईल, याचा विचार करूनच पुढचं वाचा.

अल्टरनेटरमध्ये तेल येतंच कुठून

अल्टरनेटर म्हणजे वीज तयार करणारं यंत्र. त्यात तेलाचं काम नाही. त्याचे बेअरिंग ग्रीसवर चालतात. मग तेल आलं कुठून? तर आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल पिकअप, जीप आणि छोट्या टेम्पोंमध्ये अल्टरनेटरच्या पाठीला एक व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे इनटेकमध्ये व्हॅक्यूम आपोआप मिळतो आणि तोच ब्रेक बूस्टरला जातो. डिझेलमध्ये हवेची वाट तशी अडवलेली नसते, म्हणून वेगळा पंप लागतो. अल्टरनेटरचा शाफ्ट मागून थोडा लांब काढलेला असतो, त्यावर दाते असतात आणि त्या दात्यांवर पंपाचा रोटर बसतो. बेल्ट फिरला की वीज आणि व्हॅक्यूम दोन्ही एकाच शाफ्टवर.

हा पंप इंजिनच्या तेलावर जगतो. त्याला तीन पाइप असतात आणि ते नीट ओळखून घेणं हे अर्धं निदान आहे. पहिला बारीक, बहुधा लोखंडी, बँजो बोल्टने, म्हणजे आतून पोकळ बोल्टने बसवलेला. त्यातून इंजिनचं तेल दाबाने आत येतं. दुसरा जाड रबरी, तो ब्रेक बूस्टरकडे जातो, वाटेत एकदिशा झडप असते. तिसरा परतीचा. पंपात वापरून झालेलं तेल आणि बूस्टरमधून खेचलेली हवा, दोन्ही या तिसऱ्या पाइपातून इंजिनच्या पोटात परत जातात. या परतीच्या पाइपाकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

पंप आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये शाफ्टवर एक छोटं ऑइल सील असतं. ते गेलं की तेल अल्टरनेटरच्या पोटात शिरतं. तिथे कार्बन ब्रश स्लिप रिंगवर घासत असतात. कार्बनची भुकटी आणि तेल एकत्र आलं की काळा, चिकट लेप होतो, ब्रशचा संपर्क तुटत जातो आणि चार्जिंग डळमळतं. डॅशबोर्डवरचा दिवा पूर्ण न पेटता मंद का दिसतो, याचं एक सामान्य कारण हेच.

तुमच्या गाडीत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर नसून सिलिंडर हेडच्या टोकाला असेल, तर अल्टरनेटरमध्ये आतून तेल यायला वाटच नाही. मग ते वरून पडतंय, एवढं नक्की समजा.

आधी धुवा, मग पावडर

माझ्या गाडीचं पहिलं सील बदललं तेव्हा गळती नेमकी कुठून आहे हे कुणी तपासलंच नव्हतं. अल्टरनेटर तेलाने माखलेला होता, म्हणून सील. दुसऱ्या वेळीही तसंच. तेलकट इंजिनकडे बघून गळतीची जागा सांगता येत नाही, कारण पंखा आणि बेल्ट तेल उडवतात, धूळ त्यावर बसते आणि सगळंच काळं दिसतं.

यातून बाहेर काढलं ते आमच्या शेजारच्या अण्णांनी. ते ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला तो कारखाना. अण्णांची सगळी नोकरी तिथे दुरुस्तीच्या विभागात गेली. अंगणात गाडी उघडलेली बघून ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "आधी धुऊन घे रे. घाणीवर निदान करायचं नसतं."

धुताना अल्टरनेटरच्या हवेच्या फटींवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. वॉशिंग सेंटरचा दाबाचा फवारा तिथे अजिबात मारायचा नाही. पाणी आत गेलं की डायोड आणि बेअरिंग दोन्ही खराब होतात. डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश आणि बनियनचं फडकं घेऊन इंजिन थंड असताना हाताने पुसायचं. पेट्रोल वापरू नका. बॅटरीच्या एका ठिणगीने गाडी जाते. वरच्या टॅपेट कव्हरपासून खालच्या तेलाच्या चेंबरपर्यंत तो सगळा उभा पट्टा पुसून कोरडा करायचा.

मग अण्णांनी घरातून टाल्कम पावडरचा डबा आणला. हातावर घेऊन हलकी फुंकर मारत टॅपेट कव्हरची कड, बँजो बोल्टच्या भोवती, पंप आणि अल्टरनेटर जिथे जुळतात ती रेघ आणि खालच्या फटींची बाहेरची कड अशी पांढरी केली. आत पावडर जाऊ द्यायची नाही, फक्त कडा. इंजिन सुरू करून दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे एक्सलरेटर न दाबता ठेवलं. बाह्या वर, गळ्यातला पंचा बाजूला. बेल्टजवळ वाकताना हे विसरलात तर हात जाईल.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला टॉर्चच्या उजेडात दिसलं. टॅपेट कव्हर पांढरंच. बँजो बोल्ट पांढरा. अल्टरनेटरच्या खालच्या फटीच्या ओठावर मात्र पावडर आधी राखाडी झाली, मग तिथे करडईच्या दाण्याएवढा थेंब धरला आणि तो काळा होता. मोटारीचं जुनं तेलही काळंच असतं, पण हा थेंब बोटावर चोळला तर खरखरीत, पेन्सिलीच्या शिशासारखा लागला. तो कार्बन. म्हणजे तेल ब्रशपर्यंत जाऊन, तिथली भुकटी घेऊन बाहेर आलेलं. आतलं सील गळत होतं, यात शंका उरली नाही.

हा फरक लक्षात ठेवा. तेल गुळगुळीत आणि फक्त बाहेरून असेल तर बँजोचा तांब्याचा वॉशर किंवा पंपाच्या जोडावरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) बघा. ती अर्ध्या तासाची दुरुस्ती आहे. वरून ओघळ असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग. खरखरीत काळं तेल फटीतून येत असेल तरच सील.

अण्णा तेव्हा बोलता बोलता म्हणाले की छोट्या विमानातही असाच घोळ होतो. परदेशात हौशी लोक घरी विमान बांधतात, त्यातल्या बऱ्याच इंजिनांच्या पाठीमागे व्हॅक्यूम पंपाची एक जागा असते. तो पंप विमानाचा कल दाखवणारी, जायरोवर चालणारी यंत्रं फिरवतो. आता यंत्रं विजेवर आली, म्हणून काही जण पंप काढून त्याच जागी छोटा अल्टरनेटर बसवतात. तिथेही गिअरचं तेल आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये एक सीलच असतं. उडताना वारा तेल मागे ढकलत नेतो, त्यामुळे डाग विमानाच्या पोटाला दिसतो आणि गळती असते पुढे इंजिनपाशी. त्यांच्याकडचे अलीकडचे पंप कोरडे असतात, कार्बनच्या पात्यांचे. त्यात तेल शिरलं तर पंप मरतो. आपल्या पंपाचं उलट, त्याला तेल मिळालं नाही तर तो मरतो.

सील गळतंय हे कळलं, पण का गळतंय?

इथेच मी तीनदा फसलो होतो. सील गळतंय म्हणून सील बदललं. नवं सील तीन-चार महिन्यांत जात असेल तर दोष सीलमध्ये नाही. अण्णांनी वाकून पाइप बघितले, बारीक पाइपावर बोट ठेवलं आणि विचारलं, "तेल आत इथून येतं. बाहेर कुठून जातं?"

मी परतीचा पाइप दाखवला. आणि दाखवतानाच लक्षात आलं की तो पिवळसर पाइप गाडीचा नाहीच. दीड वर्षापूर्वी सप्टेंबरात, भर पावसात, इगतपुरीच्या अलीकडे मूळ रबरी पाइप फाटला होता. गाडीत २० किलोचे टोमॅटोचे क्रेट भरलेले, पहाटेच्या आत वाशीला पोचायचं होतं. मागे फवारणीच्या पाइपाचा तुकडा पडला होता, तो कापून क्लिपा लावल्या आणि निघालो. घरी आल्यावर बदलायचा होता. गळत नव्हता, म्हणून राहिला. पहिलं सील त्यानंतर दोन महिन्यांनी गेलं. तीन गॅरेजांत गाडी उघडली गेली, प्रत्येक वेळी तो तुकडा काढून परत तसाच बसवला गेला. चूक सुरू केली ती मी. मिस्त्रींना काय सांगणार?

तरीही अंदाजावर न जाता तपासून घेतलं. ही तपासणी प्रत्येकाने करावी, कारण तुमच्या गाडीत कारण वेगळं असू शकतं.

परतीच्या पाइपाचं इंजिनकडचं टोक सोडवलं, इंजिनच्या नळीवर फडकं गुंडाळलं आणि पाइपाचं टोक एका पारदर्शक बाटलीत धरलं. फटीच्या कडेला पुन्हा पावडर. गाडी आयडलवर. चांगल्या पाइपातून तेल फेसाळत पण सलग येतं, कारण सोबत हवा असते. इथे ते गचके देत येत होतं. थोडं यायचं, थांबायचं, मग एकदम पिचकारी. आणि फटीपाशी थेंब पुन्हा धरला. बाटली अर्धी झाल्यावर इंजिन बंद केलं. ते तेल पंपात फिरलेलं, स्वच्छ बाटलीत धरलेलं, म्हणून परत इंजिनात ओतलं.

मग तो तुकडा पूर्ण काढून पंपापासून बाटलीपर्यंत तेलाचा नवा, आखूड पाइप लावला. तीच पावडर, तेच आयडल. तेल सलग आलं. फटीची कड दहा मिनिटं पांढरी राहिली. मधून बाटली रिकामी करून तेल परत ओतावं लागलं, तेवढा वेळ इंजिन बंद.

याचा अर्थ असा लावायचा. जुनाच पाइप बाटलीत सोडल्यावर गळती थांबली, तर दोष इंजिनच्या बाजूला: परतीची नळी गाळाने बुजलेली किंवा इंजिनच्या पोटात दाब जास्त. जुन्या पाइपाने गळती चालू आणि नव्याने बंद, तर दोष पाइपात. दोन्हीने चालू, तर सील किंवा शाफ्ट खरोखरच गेलेला.

संध्याकाळी ओट्यावर बसून तो तुकडा ब्लेडने लांबीत चिरला. बाहेरून धडधाकट होता, जाळीच्या विणीमुळे गोल आकारही टिकला होता. आत मात्र गरम तेलाने पहिला थर फुगून सुटला होता आणि वळणाच्या जागी तो जिभेसारखा लोंबत होता. मी एका टोकाने फुंकून बघितलं. जीभ उचलली गेली, वाट बंद. जोरात फुंकल्यावर बाजूने थोडी हवा गेली. पंपाचं तेल आणि बूस्टरची हवा वर्षभर याच फटीतून जायला धडपडत होती. ते ओठाचं छोटं सील शाफ्टवर तेल पुसून धरण्यासाठी असतं, मागून दाब सोसण्यासाठी नसतं. मागे दाब साठला की ओठ उलटतो आणि तेल अल्टरनेटरमध्ये उतरतं. फवारणीचा पाइप पाण्यासाठी आणि औषधासाठी असतो, इंजिनच्या तापलेल्या तेलासाठी तो केलेलाच नाही.

इंजिनच्या पोटातला दाबही बघून घ्या

हे पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन गरम, आयडलवर. तेल ओतायचं झाकण उघडून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल किंवा धूर फसफसत असेल तर आधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारा पाइप काढून बघा. त्यात पाणी आणि तेलाचा लोण्यासारखा गाळ बसतो, विशेषतः गाडी रोज शेतापासून गावापर्यंतच फिरत असेल तर, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. ब्रीदर साफ करूनही दाब असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागेल आणि तोवर कितीही सील बदलली तरी ती टिकणार नाहीत. माझं झाकण जागेवर राहिलं. ब्रीदर तरीही धुतला.

खोलताना आणि बसवताना

पाइप बदलला म्हणून गेलेलं सील बरं होत नाही, त्यामुळे अल्टरनेटर उतरवावा लागलाच. सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटरच्या जाड तारेत बॅटरीची वीज कायम असते. पाना तिथून बॉडीला टेकला तर तार पेटते. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीच काढू नका. "अल्टरनेटर चालतो का बघू" म्हणून काही जण तसं करतात आणि चांगले डायोड जाळतात.

मागचा पंप काढताना पात्यांची दिशा फोनवर फोटो काढून ठेवा. पात्याची एक कड गोलसर असते, ती बाहेर, पंपाच्या भिंतीकडे. उलटं बसवलं तर व्हॅक्यूम पुरता येत नाही. पात्यांच्या कडा तुटल्या असतील किंवा भिंतीवर बोटाला लागतील अशा रेघा असतील तर पंपच बदला. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

आता शाफ्ट. सीलचा ओठ जिथे घासतो त्या जागी नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि नवं सीलही त्या खाचेतून गळेल. माझ्या शाफ्टवर चकाकणारी रेघ होती, पण नख जेमतेम जाणवत होतं. मी नवं सील जुन्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर आत बसवलं, म्हणजे ओठ ताज्या जागेवर आला. हे करताना मागचं तेलाचं छिद्र झाकलं जात नाही ना, ते बघावं लागतं. खाच खोल असेल तर हा उपाय चालणार नाही, शाफ्टवर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) किंवा अल्टरनेटरचा शाफ्टसकट दुसरा रोटरच.

बेअरिंग हाताने फिरवून बघा. शाफ्ट धरून वर-खाली हलवल्यावर जराही ढिला लागला तर दोन्ही बेअरिंग एकत्र बदला. शाफ्ट डगमगत असेल तर कुठलंच सील टिकत नाही. माझं मागचं बेअरिंग घरघरत होतं. वर्षभर तेलाने आतलं ग्रीस धुऊन गेलेलं.

सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. त्या तीन आकड्यांवर सील मिळतं, पण मटेरियल विचारून घ्या. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत बरं राहतं. अल्टरनेटरची पाठ इंजिनला चिकटून तापते, शिवाय आत गरम तेल. वायटनचं सील २०० अंशांच्या आसपास तग धरतं. ते महाग पडतं, पण माझ्या मते इथे तेच घ्यावं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, पाकिटावर वाचा.

बसवताना स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे. ओठाला इंजिनचं तेल लावायचं, कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळतं. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: शाफ्टच्या टोकावरचे दाते धारदार असतात. सील त्यांच्यावरून सरकवताना ओठाला बारीक काप जातो, तो डोळ्यांना दिसतही नाही. मी दात्यांवर पातळ प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून त्याला तेल लावलं आणि मग शाफ्ट आत घातला. माझ्या दुसऱ्या सीलचा ओठ नंतर भिंगाखाली बघितला तेव्हा त्यावर ओळीने तीन काप होते. म्हणजे ते बसवतानाच गेलेलं होतं. सील ठोकताना हातोडा थेट मारायचा नाही, त्याच व्यासाची पान्याची गोटी (सॉकेट) वर ठेवून हळूहळू, सगळीकडून सारखं बसवायचं.

ओ-रिंग नवी. बँजोचे तांब्याचे वॉशर शक्यतो नवे. नाही मिळाले तर जुने गॅसवर लाल होईपर्यंत तापवून थंड करा, तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट दाबलं जातं. सिलिकॉनचा लेप इथे लावू नका. त्याचे सुटलेले धागे तेलाच्या वाटेत जाऊन बसतात आणि पुन्हा तीच अडचण.

तेलात भिजलेले कार्बन ब्रश धुऊन वापरायचा मोह होतो, पण कार्बन तेल पितो आणि गरम झाला की परत सोडतो. बदलूनच टाका. स्लिप रिंग झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत चमकवल्या आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या. मीटरने दोन रिंगांमध्ये काही ओम रोध दिसायला हवा, माझा ३ च्या आसपास आला. रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मात्र काहीच जोड दिसता कामा नये.

परतीचा पाइप तेलासाठीचाच घेतला, आतून नायट्राइल आणि बाहेरून विणलेला, आतला व्यास मूळ पाइपाएवढाच. पंपापासून इंजिनपर्यंत तो सगळा उतरता असावा, मध्ये झोळ नको, चिमटीसारखं वळण नको. लांबी थोडी जास्त ठेवली तर खाली पोट सुटतं आणि तिथे तेल साचतं. मी दोनदा कापून बेताची लांबी साधली. होज क्लिप फार आवळली तर रबर कापलं जातं; पहिल्या गरम फेरीनंतर पुन्हा अर्धा आटा द्यावा लागतो, तेवढी जागा ठेवली.

काही जणांनी मला विचारलं की तेलाचा बारीक पाइपच बंद करून काही दिवस गाडी चालवता येईल का. येणार नाही. पंप कोरडा फिरला की पात्या धरतात, शाफ्टचे दाते तुटतात आणि ब्रेकचा आधार जातो. गळकी गाडी तेल भरत भरत घरापर्यंत आणणं एकवेळ चालेल, पंप उपाशी ठेवून घाटात जाणं नाही.

सुरू करून बघताना

पंप बसवण्याआधी त्यात दोन चमचे तेल घातलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांना पात्या कोरड्या राहत नाहीत. मग ब्रेकची साधी परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, ते कडक होतं. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. माझं जुन्या पाइपावर सात-आठ सेकंदांनी खाली जायचं आणि मला ते नेहमीचंच वाटायचं. आता इंजिन धरताच जातं.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. वाशीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरच्या आसपास, इथे तो ७१० च्या जवळपास. त्यामुळे तोच पंप नाशकात गेजवर सुमारे ५० मिलिमीटर कमी दाखवतो. तेवढ्यावरून पंप बाद ठरवू नका.

चार्जिंगचं म्हणाल तर इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.२, हेडलाइट आणि पंखा लावून १३.९. आधी दिवे लावले की १२.४ वर यायचं. मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर बघितलं तर अर्ध्या व्होल्टच्या खूप खाली, म्हणजे डायोड शाबूत. तेलात भिजून डायोड जातात तेव्हा हा आकडा वर चढतो आणि नवे ब्रश घालूनही दिवा मंद पेटतच राहतो.

पहिल्या फेरीला पुन्हा पावडर लावून निघालो. कसारा उतरून खाली चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडलं, फटीची कड पांढरी. वाशीला पांढरी. परत येताना इगतपुरीच्या पावसात भिजून पावडरच गेली, पण खाली फडकं लावलं तर कोरडं. त्यानंतर पहिले तीन दिवस रोज आणि मग आठवड्याला तेलाची पट्टी बघत आलोय. आधी दर दोन फेऱ्यांना अर्धा लिटर घालावं लागायचं; ऑगस्टपासून वरून तेल घातलेलं नाही.

अण्णांनी तो चिरलेला पाइप मागून घेतला. त्यांचा नातू आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय, त्याला दाखवायला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात हल्ली हलकी ओल दिसतेय, ती अल्टरनेटरच्या बाजूला उतरत नाही. पॅकिंग आणून ठेवलंय, द्राक्षाच्या खरड छाटणीच्या आधी गाडी दोन दिवस उभी राहील तेव्हा बसवेन.